घाटावर कोण काय बोललं, वहिनी?

वहिनी,

तुझ्या दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही. नदीकाठी पिंड मांडून सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळे समोरच्या करंजावर बसून बघत होते, पण खाली उतरत नव्हते. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून काहीतरी बोलू लागला. अशा वेळी काय बोलतात ते मला माहीत आहे. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि ती इच्छा आम्ही पुरी करू असा शब्द द्यायचा. तुझी लेक कविता बोलली, जावई बोलले. शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून बोलल्या, त्यामुळे त्यांचे ओठही दिसले नाहीत. शेवटी दादा पुढे झाला. माझ्याकडे पाठ करून तो काहीतरी बोलला, आणि झाडावरचा एक कावळा खाली आला.

तेव्हा सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. काकूंनी डोळे पुसले. मी कविताला खुणेनं विचारलं, काय म्हणाला तो? तिनं पालथा हात हवेत आडवा फिरवला, पाटावरचं पीठ झटकावं तसा. ती तुझीच खूण. काही नाही.

तेव्हापासून मला भीती वाटतेय, वहिनी. तुझ्यासाठी रडायचं सोडून मी भीत बसलेय. तुझ्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या सख्ख्या भावानं, माझ्यादेखत गावासमोर कसला तरी शब्द दिला. सगळ्यांना तो ठाऊक आहे. ज्या अर्थी सगळे माझ्याकडे बघत होते त्या अर्थी तो माझ्याबद्दलच होता, आणि तो तेवढा मलाच माहीत नाही.

मी तुला 'तू' लिहितेय. कविताच्या हाती हे पडलं तर तिला खटकेल, कारण घरात सगळे तुला अहो-जाहो करायचे. पण खुणांमध्ये कुठलं आलंय तू आणि तुम्ही? बोट समोर केलं की झालं. तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा मी पुण्याच्या मूकबधिर शाळेतून सुट्टीला आले होते. लहानपणीच्या तापात माझे कान गेले, एवढंच तुला सांगितलेलं. घरातले सगळे मला हाताला धरून इकडेतिकडे न्यायचे आणि समोर ताट ठेवायचे, त्यापलीकडे कुणाला काही बोलायचं नसायचं. तू मात्र चुलीपुढे माझ्याजवळ बसलीस, भाकरीकडे बोट केलंस आणि भुवया उडवल्यास. म्हणजे, हिला काय म्हणायचं? मी दाखवलं. मग तवा, मग पाणी, मग सासू. सासूची खूण मी नाक मुरडून दाखवली तेव्हा तू तोंडात पदर कोंबून हसलीस. अख्ख्या मार्गासनी गावात ही भाषा फक्त आपल्या दोघींनाच कळायची.

शाळेतली हातांची भाषा वेगळी आणि आपली वेगळी. आपली म्हणजे घरगुती, कापडाच्या चिंध्या जोडून केलेल्या गोधडीसारखी. पण तिच्यावर मी जगले. शिलाई मशीनवर बसले की गिऱ्हाईक तुझ्याशी बोलायचं आणि तू मला सांगायचीस. डॉक्टर, तलाठी, पोस्टमन, सगळे तुझ्या हातांतून माझ्यापर्यंत यायचे. ते उपकार मी विसरलेले नाही. तुझ्याशी भांडतानाही विसरले नव्हते.

आणि भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. ग्रामसभेत दोन माणसं एकमेकांच्या अंगावर जायची, मधले लोक उठून उभे राहायचे, कुणी खुर्ची उचलायचं, आणि मी तुझ्या दंडाला धरून विचारायचे, काय झालं? तू हात फिरवायचीस. काही नाही, पाण्याच्या पाइपाचं. अगं, एवढा वेळ लोक ओरडत होते ते काय नुसतं 'पाण्याच्या पाइपाचं'? मयताच्या घरी, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे तेच. जगात भूकंप झाला तरी तू मला काही नाहीच म्हणाली असतीस.

मला बघायला ते पानशेतकडचे लोक आले होते, आठवतं? मुलगा पायानं अधू होता, पण चेहरा हसरा होता. चहा झाला, पोहे झाले, ओठ बराच वेळ हलले. दादा उठून बाहेर गेला, परत आला. मग ते लोक हात जोडून निघाले. मुलानं जाताना वळून पाहिलं. मी तुला विचारलं आणि तू हात फिरवलास. ते नाही म्हणाले, की आपण नाही म्हणालो? मी नंतरही किती वेळा विचारलं. तू दर वेळी कामाला लागायचीस. आता ते मला कोण सांगणार? दादाच्या मिशीखालचे ओठ मला कधीच वाचता आले नाहीत.

मोबाईल आला आणि माझ्या शाळेतल्या मैत्रिणी सापडल्या. व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. एकीनं त्यात हातांनी समजावून सांगितलं होतं, की कायदा आहे, सरकारी दवाखाना असो, कचेरी असो, माहिती आपल्याला कळेल अशा रीतीनं मिळणं हा आपला हक्क आहे. दुभाषी मागता येतो, लिहून मागता येतं. कुणी उपकार करत नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग धावत तुझ्याकडे आले आणि सगळं सांगितलं. तू तांदूळ निवडत होतीस. तू सूप खाली ठेवलंस, कमरेवर हात घेतलेस, मान एका बाजूला टाकलीस, डोळे पांढरे केलेस आणि जीभ बाहेर काढलीस. म्हणजे, मग मी मेले का?

त्यानंतर तो तुझा ठरलेला जवाब झाला. मी हक्काचा ह काढला की तुझी मान पडलीच. मला हसू यायचं आणि रागही यायचा. तुला वाटायचं मी तुला नको म्हणतेय. मला म्हणायचं होतं की तू हवीस, पण चाळणी म्हणून नको. हे मला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मी नदीच्या अंगाला, भातखाचराच्या खालच्या बांधावर गवत कापत होते. धरणातून पाणी सोडलं. भोंगा वाजला असेल, गाडीवरून पुकारलंही असेल. मी आपली खाली मान घालून विळा चालवत होते. खांद्यावर हात पडला म्हणून दचकून वळले तर तू. एका पायात चप्पल नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. तू दोन्ही तळवे एकमेकांना लावलेस आणि दाराच्या फळ्या उघडाव्यात तसे उघडलेस. म्हणजे, धरणाची दारं उघडली. आपण वर पोचलो आणि मागे वळून पाहिलं तेव्हा मी बसले होते ती जागा दिसत नव्हती. आपण दोघी गुडघ्यात डोकं घालून बसलो होतो.

त्यानंतरही मी म्हटलं, वहिनी, वेल्ह्याला कचेरीत जाऊ. भोंगा वाजतो तेव्हा माझ्या मोबाईलवर मेसेज यायला पाहिजे. मी एकटी नाही, गुंजवण्याकडेही न ऐकू येणारं एक म्हातारं माणूस आहे. तू छातीवर बोट ठेवलंस. तुझा भोंगा मी. आणि पुन्हा मान टाकलीस. आपण गेलो नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं. आधी वेल्हे, मग भोर, मग पुण्याचा मोठा दवाखाना. बायकांच्या वॉर्डात पुरुषमाणसाला राहू देत नव्हते, कविताचं पोर लहान, म्हणून तुझ्याजवळ मी राहिले. तपासण्या झाल्या. डॉक्टर दादाला आणि कविताला दाराबाहेर घेऊन गेले. मी काचेतून बघत होते. कविता भिंतीला टेकली. दादानं टोपी काढून हातात घेतली.

मी बाहेर गेले आणि मोबाईलवर लिहून डॉक्टरपुढे धरलं. मला ऐकू येत नाही. तिच्याजवळ मी राहते. मलाही सांगा. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दादाकडे पाहिलं, दादानं नकारार्थी मान हलवली. मी मोबाईल मागे घेतला नाही. बोललेलं लिहून दाखवणारं ॲप चालू केलं आणि तसाच धरून उभी राहिले. डॉक्टरांनी माझं मनगट धरून मोबाईल आपल्या तोंडाजवळ घेतला. मग ते बोलले. अक्षरं तुटक येत होती, एक-दोन शब्द भलतेच येत होते, पण जे यायचं ते आलं. यकृत. पसरलं आहे. आता उपाय नाही. घरी घेऊन जा.

आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट दुसऱ्या कुणाच्या हातातून न गाळता मिळाली, आणि ती ही होती. दादा अजून बोलत होता, तेही अक्षरांत उमटलं. "तिला कायबी सांगू नगं. हाय खाईल ती." मग त्यानं माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. वहिनी, बहिरीला ओठांवर बोट! दुसरी वेळ असती तर आपण दोघी हसून लोळलो असतो.

तुला सगळ्यांनी सांगितलं, पोटाला सूज आहे, औषधानं उतरेल. येणारा जाणारा तेच म्हणायचा. तू मान डोलवायचीस. पण तुझी नजर मी ओळखते. ग्रामसभेत खुर्च्या उचलल्या जात असताना माझी जी नजर असायची, तीच आता तुझी झाली होती. सगळ्यांचे ओठ हलताहेत आणि आपल्याला कळत काहीच नाही, अशी.

त्या दुपारी तू मला केस विंचरायला बोलावलंस. ओटीवर बसलो. तुझ्या हातात आरसा, मी मागे. केस हातात येत होते. आरशात तुझा चेहरा मला दिसत होता आणि तुला माझा. तू एका हातानं विचारलंस, डॉक्टर काय म्हणाला?

माझ्या हातात फणी होती. ती तशीच धरून माझा हात वर गेला आणि आडवा फिरायला लागला. आपली खूण. किती सोपी आहे ती, वहिनी, मला तेव्हा कळलं. तू आयुष्यभर ती का करत होतीस तेही कळलं. समोरच्याचा चेहरा पडलेला बघायला नको म्हणून हात आपोआपच फिरतो. पण हात अर्ध्यावर थांबला. मला सारखं वाटत राहिलं, की हिनं मलाच का विचारलं? घरात बोलती माणसं एवढी असताना?

आपल्याकडे त्या आजाराची खूणच नव्हती. मग मी भातावरच्या करपा रोगाची केली. हाताचं पान करून त्यावर बोटं टेकवत न्यायची, एक ठिपका, दुसरा, मग सगळीकडे. आणि तुझ्या पोटाकडे बोट केलं. तू आरशातून पाहत राहिलीस. मग विचारलंस, किती दिवस? मी म्हटलं, ते खरंच माहीत नाही. तू आरसा पालथा ठेवलास आणि वेणी पुरी कर म्हणून मान पुढे केलीस. मी ती घातली. कशी घातली मला आठवत नाही.

संध्याकाळी तू दादाशी भांडलीस. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तुझा हात माझ्याकडे झाला तेव्हा दादाला कळलं. तो उठून माझ्यासमोर आला आणि एकेक शब्द तोंड वासून म्हणाला, मला कळावा म्हणून. "तू मारलीस तिला."

मी बरं केलं की वाईट, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तुला न सांगता ठेवलं असतं तर तू अजून राहिली असतीस का? डॉक्टर नाही म्हणतील. दादा हो म्हणेल. मी कुणाचं धरू?

पण एक झालं. त्या दिवसापासून तू मला 'काही नाही' म्हटलं नाहीस. माणसं भेटायला यायची, खाटेभोवती बसून बोलायची, आणि तू पडल्या पडल्या पांघरुणावर हात ठेवून मला सगळं सांगायचीस. काकू म्हणताहेत देवऋषीकडे न्या. मामा म्हणताहेत खाचर विकायला काढा, पुण्याचं गिऱ्हाईक आहे. कविता सासरची गाऱ्हाणी सांगतेय. तुझे हात दुखायचे, मध्येच पडायचे, पण तू गाळत काही नव्हतीस. इतक्या वर्षांत मला जेवढं ऐकू आलं नव्हतं तेवढं त्या थोड्या दिवसांत ऐकू आलं. मी किती श्रीमंत झाले होते! एकदा मात्र तू थांबलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि मग तेही सांगितलंस. ते म्हणताहेत, सुमनचं पुढं काय करायचं? हिला कोण बघणार? कुठल्या तरी आश्रमात ठेवू म्हणताहेत.

मी रात्रभर झोपले नाही. पण ते मला कळलं, हे मी तुझं देणं मानते. घाबरायचंच असेल तर निदान कशाला घाबरायचं ते तरी कळू दे.

तू गेलीस ती दुपारची वेळ होती. मी तुला पेज भरवत होते. एकदम तुझी मान एका बाजूला पडली आणि डोळे पांढरे झाले. वहिनी, मी थांबले. चमचा हातात धरून मी तू हसायची वाट बघत थांबले. मला वाटलं, मी हक्काचं काहीतरी बोलले असेन आणि तू म्हणतेयस, मग मी मेले का? कविता धावत येऊन तुझ्या अंगावर पडली तेव्हा मला कळलं.

तेव्हापासून घरात माझ्याशी खुणा बंद. कविताचे ओठ मला लख्ख वाचता येतात. दहाव्याच्या आधी ती फोनवर नवऱ्याला सांगत होती, "पप्पा म्हणतात, आत्याच्या पोटात काही राहत नाही. तिला काही कळू द्यायचं नाही." म्हणजे ही शिक्षा आहे. मी दुसऱ्याला खरं सांगितलं म्हणून आता मला कुणी काहीच सांगायचं नाही. माणसं येतात, बसतात, ओठ हलतात. कधी कुणी माझ्याकडे बघतं. आश्रमाचं चाललंय की खाचराचं, मला कळत नाही. मागून कुणी आलं तरी मी दचकते. आणि घाटावर दादा काय बोलला ते तर डोक्यातून जातच नाही. तुझ्या पिंडापुढे त्यानं मला कुठं पोचवायचा शब्द दिला?

आता आजचं सांगते. सकाळपासून पाऊस होता. मी त्याच खालच्या बांधावर गवताला गेले होते, घरातले ओठ बघायचा कंटाळा आला म्हणून. कापताना दर थोड्या वेळानं मान वर करून नदीकडे बघत होते. पण नदीकडे बघत गवत कापता येत नाही, बोट कापतं. शेवटी मान खाली गेलीच. मग पायाला गार लागलं. बघते तर बांधाच्या फटीतून पाणी वर येत होतं, पावलं बुडाली होती. मी वळले. वरच्या बांधावरून दादा घसरत, पडत, उठत येत होता. तोंड उघडं, ओरडत असावा. माझ्यासमोर आला आणि त्यानं दोन्ही तळवे एकमेकांना लावले आणि उघडले. चुकीचे उघडले, खालून वर. पण खूण तुझीच. इतकी वर्षं तो आपले हातवारे बघून हसायचा. म्हणजे बघत होता.

त्यानं मला दंडाला धरून वर ओढलं. गवताचे भारे गेले, विळाही गेला. आपण दोघी बसलो होतो तिथंच आम्ही दोघं धापा टाकत बसलो. मी त्याला विचारलं, बोटानं पिंडाचा गोळा दाखवला, कावळा दाखवला, त्याचे ओठ दाखवले. काय बोललास? त्याचा हात वर गेला आणि आडवा फिरायला लागला. मग अर्ध्यावर थांबला. मी त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिले, वहिनी. मला तो हात माहीत होता.

त्यानं माझा मोबाईल मागितला. भिजला होता, पण चालू होता. त्यात बोलला, आणि अक्षरं आली. "म्या म्हनलो, हिला कुठं धाडनार न्हाई. आन हिच्यापास्नं काय लपवनार न्हाई."

कावळ्याचं मला काही माहीत नाही. त्याला भूक लागली असेल. पण मी रडले, आणि दादाही रडला, टोपी तोंडावर धरून.

मग मी विचारलं, तुला भोंगा कसा ऐकू आला? तू तर नसरापूरला जाणार होतास. तो पुन्हा मोबाईलमध्ये बोलला, "यष्टी चुकली."

एवढंच, वहिनी. एसटी चुकली म्हणून मी हे लिहितेय. ती वेळेवर आली असती तर दादाचा शब्द दादाबरोबर नसरापूरच्या वाटेवर, चेलाडी फाट्यावर असता आणि मी नदीत. घरी येऊन कपडे बदलले आणि तशीच लिहायला बसले. दादा खोटा नाही. तो सांगेल. पण तो बाजाराला जाईल, आजारी पडेल, झोपेल. तूही आजारी पडलीसच की.

म्हणून उद्या मी वेल्ह्याला कचेरीत जातेय. दादा बरोबर येतो म्हणाला. मी म्हटलं ये, पण बोलणार मी. मोबाईल साहेबांसमोर धरीन आणि ते बोलेपर्यंत मागे घेणार नाही. पाणी सोडायच्या आधी मला कळेल अशा रीतीनं कळलं पाहिजे, आणि गुंजवण्याच्या त्या म्हाताऱ्यालाही. मला फार भीती वाटतेय. ते हसतील, बाकड्यावर बसवून ठेवतील, दादाशीच बोलतील, आणि शेवटी माझ्याकडे बघून हात आडवा फिरवतील. तसं झालं तर पुन्हा जाईन.

तू असतीस तर दारात आडवी उभी राहिली असतीस. कमरेवर हात, मान एका बाजूला टाकलेली, डोळे पांढरे. मग मी मेले का?

हो, वहिनी. म्हणूनच जातेय.